पिशवीला हात लावण्याआधी



दसरा तोंडावर आला की पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या वाड्यावस्त्यांवर ऊसतोडीच्या टोळ्या बांधल्या जातात. मुकादमाची उचल घेऊन झालेली असते आणि नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. नेमक्या याच दिवसांत आपल्या खुर्चीसमोर बसलेली तिशीची बाई म्हणते, “डॉक्टर, अंगावरून लई जातंय. निघायच्या आत काय ते करून टाका.” ‘काय ते’ म्हणजे पिशवी काढणे, हे तिलाही ठाऊक असते आणि आपल्यालाही.

तिचा हिशेब सरळ आहे. पाळीच्या दिवसांत कामावर गेली नाही तर खाडा पडतो, खाड्याचा दंड उचलीतून वळता होतो. फडात आडोसा नाही, कोपीवर पाण्याची सोय नाही. पिशवीच नसली की कटकट मिटली, असे तिला आधी गेलेल्या जावेने सांगितलेले असते. तिच्या हिशेबाला बोल लावण्यात अर्थ नाही. प्रश्न आपल्या हिशेबाचा आहे.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांचा विषय राज्यभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पाहणी केलेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. आकडा बीडचा म्हणून आपण हात झटकू शकत नाही. आपल्या जिल्ह्याचा दक्षिण भाग मजूर पाठवतो, तर १९५० पासून सहकारी साखर कारखानदारी रुजलेला प्रवरा-गोदावरीकाठचा उत्तर भाग मजूर बोलावतो. तीच बाई पावसाळ्यात पाथर्डीच्या डॉक्टरांकडे असते आणि हिवाळ्यात कोपरगावच्या किंवा राहुरीच्या. दोघांनाही एकमेकांचे औषध माहीत नसते. प्रत्येक जण पहिल्यापासून सुरुवात करतो, आणि तिसरा डॉक्टर म्हणतो, “गोळ्यांनी काही होत नाही, काढून टाका.”

या वाक्यावरच या अंकात बोलायचे आहे. गोळ्यांनी काही होत नाही, असे ठरवण्याआधी गोळ्या पुरेशा दिल्या होत्या का, हे तपासायला हवे.

ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडचेच पाहा. जास्त रक्तस्रावावरचा त्याचा मान्य डोस १ ग्रॅम, दिवसातून तीनदा, पाळी सुरू झाल्यापासून जास्तीत जास्त चार ते पाच दिवस असा आहे. एवढ्याने रक्तस्राव साधारण ४० ते ५० टक्क्यांनी उतरतो. आपल्याकडे चालते ती ५०० मिलीग्रॅमची ट्रॅनेक्सॅमिक आणि २५० मिलीग्रॅमची मेफेनॅमिक अशी जोडगोळी, तीही बहुतेकदा सकाळ-संध्याकाळ एकेक. म्हणजे दिवसाला ३ ग्रॅमऐवजी १ ग्रॅम. शिवाय बाई येते पाळीच्या चौथ्या दिवशी, तोवर मुख्य स्राव होऊन गेलेला असतो. पुढच्या पाळीसाठी गोळ्या आधीच हातात दिल्या आणि “पहिल्या दिवशीच सुरू कर” असे सांगितले, तर याच औषधाचा गुण वेगळा दिसतो. पायाच्या किंवा फुप्फुसाच्या शिरेत गुठळी होऊन गेलेली असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, लघवीतून रक्त जात असेल, तर मात्र हे औषध टाळावे.

मेफेनॅमिक ॲसिड ५०० मिलीग्रॅम तीनदा दिले तर पोटदुखी आणि स्राव दोन्ही कमी होतात, पण ट्रॅनेक्सॅमिकइतके नाही. फडावर पहाटे उपाशीपोटी निघणाऱ्या आणि दिवसभर घोटभर पाण्यावर राहणाऱ्या बाईला ते देताना जठर आणि मूत्रपिंड दोन्ही डोळ्यांसमोर ठेवावीत. भाकरी खाल्ल्यावरच गोळी, हे चिठ्ठीवर लिहिण्याइतके महत्त्वाचे आहे. डोकेदुखीसाठी किराणा दुकानात मिळणारी ॲस्पिरिनची गोळी या दिवसांत नको, हेही सांगावे. इथॅमसायलेट आपल्या हातून सवयीने लिहिले जाते. ब्रिटनच्या ‘नाइस’ मार्गदर्शिकेने या तक्रारीसाठी ते देऊ नये, असे केव्हाच सांगितले आहे.

नॉरएथिस्टेरॉनची गोष्ट आणखी निराळी. गौरी-गणपतीला किंवा नवरात्रात मोहटादेवीच्या दर्शनाला पाळी आड येऊ नये म्हणून ही गोळी चिठ्ठीवाचून दुकानातून जाते. बंद केल्यावर दोन-चार दिवसांत स्राव येतो, कधी नेहमीपेक्षा जास्त, आणि बाई घाबरून आपल्याकडे येते. उपचार म्हणून द्यायची तर ५ मिलीग्रॅम तीनदा, पाळीच्या पाचव्या दिवसापासून सव्विसाव्यापर्यंत. शेवटचे आठ-दहा दिवस दिल्याने जास्त स्रावाच्या तक्रारीत फरक पडत नाही. गोळी थांबल्यावर पाळी येणार, हे आधी सांगितले नाही तर ती समजते की औषध लागू पडले नाही. अशा गैरसमजातून शस्त्रक्रियेकडे वळलेल्या बायका आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत.

लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेले ऑर्मेलॉक्सिफीन सरकारी दवाखान्यात ‘छाया’ नावाने फुकट मिळते. ती गर्भनिरोधक गोळी ३० मिलीग्रॅमची. जास्त स्रावासाठी ६० मिलीग्रॅम आठवड्यातून दोनदा, बारा आठवडे, मग आठवड्यातून एकदा असा क्रम आहे. पाळ्या लांबतात हे आधी सांगावे. संप्रेरकयुक्त लिव्होनॉर्जेस्ट्रेल तांबी कॉपर-टीसारखीच दिसते, म्हणून बायका घाबरतात. साधी तांबी स्राव वाढवू शकते, ही मात्र तो ७० ते ९५ टक्क्यांपर्यंत कमी करते आणि काही वर्षे पुरते. पहिले तीन-चार महिने ठिबकत राहते, त्या काळात धीर द्यावा लागतो. सुरुवातीचा खर्च जड असला तरी शस्त्रक्रिया आणि त्यानंतरच्या बुडालेल्या मजुरीशी तुलना करून दाखवावी.

औषध लिहिण्याआधी विचारायचे प्रश्न मात्र तिच्या भाषेत हवेत. ८० मिलीलिटर कोणालाच मोजता येत नाही, आणि त्रास होतो आहे एवढे उपचाराला पुरेसे आहे. दिवसातून किती कपडे बदलते, रात्री उठून बदलावे लागतात का, दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या गाठी पडतात का, सात दिवसांच्या पुढे जाते का: एवढ्याने चित्र स्पष्ट होते. मग गर्भचाचणी, हिमोग्लोबिन आणि पोट तपासणे. स्पेक्युलमने गर्भाशयमुख पाहिल्याशिवाय ‘पिशवीला सूज’ हे शब्द तोंडातून काढू नयेत. सोनोग्राफीत दोन सेंटिमीटरची गाठ दिसली म्हणून ‘पुढे कॅन्सर होईल’ असे म्हणणे तर अक्षम्य आहे. त्या एका वाक्याने कुटुंब कर्ज काढते.

घरगुती उपायांकडे आपण एकतर हसून पाहतो नाहीतर मान डोलावतो. दोन्ही टाळावे. अशोकारिष्ट, लोध्र, पुष्यानुग चूर्ण यांना आयुर्वेदात जुनी परंपरा आहे, मोठ्या तुलनात्मक चाचण्यांचा आधार मात्र तोकडा आहे. देणाऱ्या वैद्यमित्रांनी तीन पाळ्यांची मुदत आणि हिमोग्लोबिनची नोंद ठेवूनच द्यावे. बायका घरी साल उकळतात तेव्हा एक गोष्ट जरूर विचारावी: साल कुठून आणली? शाळेच्या कंपाउंडला उभा, सरळसोट वाढणारा अशोक हा औषधी अशोक नव्हे. तो आसुपालव. केशरी-लाल फुलांच्या गुच्छांचा सीता-अशोक आपल्या भागात क्वचितच दिसतो. पोटावर गरम पाण्याची पिशवी दुखणे कमी करते. गूळ-शेंगदाणे खावेत, पण त्यावर विसंबू नये. महिन्याला १०० मिलीलिटर रक्त गेले तर ४० ते ५० मिलीग्रॅम लोह जाते, आणि खाल्लेल्या वनस्पतीजन्य लोहाचा सहसा दहावा हिस्साही अंगी लागत नाही. ६० मिलीग्रॅम लोहाची गोळी, चहापासून दूर, पोट बिघडत असेल तर दिवसाआड, हाच पक्का उपाय. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. जास्त पाळीची तक्रार न सांगणाऱ्याही त्यांत आल्या.

कोणाला थांबवून ठेवू नये, हेही ठरलेले असावे. तासाला एक कपडा भिजतो आहे, चक्कर येते आहे, गर्भचाचणी सकारात्मक आहे, संबंधानंतर रक्त जाते, पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर स्राव आला, किंवा चाळिशी-पंचेचाळिशी ओलांडल्यावर अनियमित स्राव आहे, अशा बाईला त्याच दिवशी पुढे पाठवावे. पहिल्याच पाळ्यांना धो धो जाणाऱ्या मुलीत रक्त गोठण्याचा जन्मजात दोष शोधावा. मोठ्या गाठी, ॲडिनोमायोसिस, कर्करोगपूर्व बदल यांत गर्भाशय काढणे योग्यही ठरते. पण तिशीत गर्भाशयाबरोबर अंडाशयेही निघाली, तर हाडांची झीज आणि हृदयविकाराचा धोका तिच्या पदरी पडतो. केंद्राने २०२२ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना ती तीन महिन्यांत लागू करण्यास सांगितले. नोंद आणि कारण आता द्यावेच लागणार आहे.

१९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले तेव्हा गावातल्या निरक्षर बायका आरोग्य कार्यकर्त्या झाल्या आणि त्यांनी बाळंतपणापासून कुष्ठरोगापर्यंतची नोंद सांभाळली. आज प्रत्येक गावात आशाताई आहेत. वरचे चार प्रश्न त्या विचारू शकतात.

या महिन्यात आपण एवढेच करावे. टोळीबरोबर निघणाऱ्या आणि जास्त जाण्याची तक्रार असलेल्या प्रत्येक बाईचे हिमोग्लोबिन करावे, तीन पाळ्यांचे औषध पूर्ण डोसात द्यावे, आणि एका चिठ्ठीवर मराठीत लिहावे: कोणते औषध, किती, कोणत्या तारखेपासून, किती फरक पडला. ती चिठ्ठी तिच्याजवळ राहू द्यावी. उत्तरेकडच्या डॉक्टरांनी नवे काही लिहिण्याआधी ती मागून घ्यावी. गर्भाशय काढण्याचा सल्ला देणाऱ्याने त्याच चिठ्ठीवर आपले कारण आणि सही करावी. कारण लिहिताना पेन थांबले, तर सल्लाही थांबवावा.

— संपादक