पाच नायट्रोजनचे कडे आणि पाण्याचा पहारा

चीनमधील नानजिंग विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाच्या संशोधकांनी जानेवारी २०१७ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात पाच नायट्रोजन अणूंच्या ऋणभारित कड्याचा, अर्थात पेंटाझोलेटचा, स्थिर क्षार जगापुढे ठेवला. त्यानंतर नव्या पिढीच्या स्फोटकाची चर्चा सुरू होणे स्वाभाविकच होते. मात्र ती चर्चा काहीशी घाईची आहे, आणि त्याचे कारण त्या स्फटिकातच दडलेले आहे.

हवेतील नायट्रोजनचे दोन अणू परस्परांना अत्यंत घट्ट बांधलेले असतात. त्यामुळे नायट्रोजनची लांब साखळी किंवा कडे फुटून पुन्हा तो वायू होऊ पाहते आणि त्यात मोठी ऊर्जा मोकळी होते. तीन अणूंचा अझाइड एकोणिसाव्या शतकापासून ज्ञात आहे. मोटारींच्या एअरबॅगमध्येही तो बराच काळ वापरला गेला. पाच अणूंचे कडे १९५६ मध्ये कार्बनी रेणूला जोडलेल्या रूपात हाती आले, पण त्या आधारावाचून ते टिकेना. २००२ मध्ये ते सुटे दिसले, तेही वस्तुमानमापक उपकरणात, ओझरतेच.

नानजिंगच्या क्षारात ते ११७ अंश सेल्सिअसपर्यंत तग धरते. सहा कड्यांमागे तीन हायड्रोनियम, चार अमोनियम आणि एक क्लोराईड अशी त्याची रचना आहे. हायड्रोनियम व अमोनियममधील हायड्रोजन अणू कड्यांना चहूबाजूंनी हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. असा एकेक बंध नेहमीच्या रासायनिक बंधापुढे अगदीच दुबळा. पाण्यात तर त्याचे बळ सुमारे विसाव्या हिश्श्याचे. पण येथे संख्या कामाला येते.

यावर वादही झाला. हायड्रोनियम हे आम्ल असल्याने त्याचा प्रोटॉन कड्यावरच जाऊन बसेल, मग तो ऋणभारित आयन कसला, असा आक्षेप २०१८ मध्ये त्याच नियतकालिकात दोन संशोधकांनी घेतला; मूळ गटाने त्याला उत्तर दिले. क्ष-किरणांनी हायड्रोजनची नेमकी जागा ठरवणे अवघड असते, हे ध्यानात घेता आक्षेप पोरकट नव्हता.

खरी अडचण निराळी आहे. कड्याला जपणारे पाणी आणि क्लोराईड स्फोटात ऊर्जेची भर घालत नाहीत, वजन मात्र वाढवतात. सीएल-२० सारख्या स्फोटकांवर काम केलेल्या पुण्यातील एचईएमआरएल प्रयोगशाळेच्या क्षेत्रात वजनाच्या प्रमाणात मिळणारी ऊर्जा हाच कळीचा हिशेब. म्हणूनच पुढे हायड्राझिनियम, हायड्रॉक्सिलअमोनियम यांसारख्या, स्वतःही ऊर्जा देणाऱ्या आयनांसह पेंटाझोलेटचे क्षार बनवण्यात आले. पहारा तेथेही हायड्रोजन बंधांचाच आहे.