गल्ल्यापाशी होणारे शिक्षण

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मागे राहिलेली त्यांची मुले आजी-आजोबांच्या किंवा हंगामी वसतिगृहांच्या आधाराने शिकतात. मुलांजवळ राहावे असे त्या आई-वडिलांनाही वाटते. पोट त्यांना राहू देत नाही.

आपल्या व्यापारी कुटुंबांची स्थिती याच्या उलट आहे. बहुतेकांचे दुकान खाली आणि घर वर. वडील दिवसभर मुलांपासून वीस पावलांवर असतात. तरीही मुलगा कोणत्या विषयात रमतो, कशाने खचतो, हे वडिलांपेक्षा शिकवणीच्या सरांना अधिक ठाऊक असते. फी वेळेवर भरली की कर्तव्य संपले, अशी आपली समजूत. पालकसभेला आई जाते. तिला जमले नाही तर कोणीच जात नाही.

शिक्षण पाठ्यपुस्तकापलीकडे नेण्याचा एक मोठा प्रयोग याच जिल्ह्यात झाला. भारतीय जैन संघटनेचे संस्थापक श्री. शांतिलाल मुथ्था यांनी 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर सुमारे 1200 मुलांच्या शिक्षणाची सोय पुण्यात केली, हे आपण जाणतोच. त्यांच्याच पुढाकाराने 2009 मध्ये ‘मूल्यवर्धन’ हा उपक्रम बीड जिल्ह्यातील सुमारे 500 प्राथमिक शाळांत सुरू झाला आणि पुढे राज्यात विस्तारला. समता, न्याय, बंधुता ही संविधानातील मूल्ये मुलांकडून घोकून न घेता गटचर्चेतून, खेळांतून आणि कृतींतून रुजवावीत, हा त्यामागील विचार.

परंतु शाळेने दिलेल्या धड्याचा पडताळा मूल घरी घेते. अचौर्य अणुव्रताचे अतिचार सांगताना तत्त्वार्थसूत्राने खोटी मापे, भेसळीचा व्यवहार आणि राज्याचे नियम डावलणे यांचा स्पष्ट समावेश केला आहे. आपली मुले पाठशाळेत हे पाठ करतात. संध्याकाळी दुकानात बसल्यावर मात्र पक्के बिल मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे कपाळाला आठ्या घालून पाहिले जाते, आणि वसुलीला आलेल्या माणसाला ‘पप्पा गावाला गेलेत’ असे सांगण्याचे काम त्याच मुलाकडे येते. दोन्ही धडे तो लक्षात ठेवतो. आचरण मात्र डोळ्यांसमोर घडलेल्या धड्याचे करतो.

बँकेच्या नोकरीत आणखी एक गोष्ट वारंवार दिसे. वडिलांच्या पश्चात पेढी सांभाळायला आलेले पदवीधर मुलगे कागद न वाचताच सही करीत. तारण काय, व्याजाचा दर काय, येणी किती, देणी किती, यांपैकी काहीच त्यांना ठाऊक नसे. मुलगे हुशार होते. त्यांच्यापुढे वही कोणी उघडलीच नव्हती. अशा पेढ्या सावरायला वर्षे लागत, काही सावरतही नसत.

उपाय खर्चाचा नाही. आठवड्यातून एकदा मुलाला आणि मुलीलाही शेजारी बसवून जमाखर्च दाखवावा. नफ्याबरोबर तोटाही दाखवावा. दहा वर्षांवरील मुलांना बचत खाते स्वतः चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने 2014 मध्ये बँकांना दिली. तसे खाते उघडून पासबुक त्याच्याच हाती द्यावे. पालकसभेच्या दिवशी वडिलांनी तासभर गल्ला मुनीमजींकडे सोपवून शाळेत जावे. आणि शाळेत आज काय झाले, हे रात्री विचारताना मोबाईल दूर ठेवावा.

दिवाळीला आपण वहीपूजन करतो. यंदा ती वही पूजेनंतर मुलांसमोर उघडली जावी. तिच्यातील प्रत्येक पान निःसंकोच दाखवता आले, तर शिक्षणाचा निम्मा भार घरानेच उचलला असे समजावे.

जय जिनेंद्र.