ओस सायकल ट्रॅकचा पंचनामा

निगडी प्राधिकरणात 'हरित सेतू'च्या नावाने पदपथ आणि सायकलमार्गांची कामे निघाल्यापासून पिंपरी-चिंचवडमध्ये एक नवा साहित्यप्रकार बहरला आहे: मोटारवाल्याचा विलाप. त्याचा ताजा नमुना एका स्थानिक नियतकालिकात नुकताच वाचायला मिळाला. लेखक सुशिक्षित आहेत, अनुभवी आहेत, आणि आपण जागरूक नागरिक असल्याचे त्यांनी स्वतःच दोनदा लिहिले असल्यामुळे त्याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. त्यांचे म्हणणे असे: रस्ते गाड्यांसाठी असतात. पदपथ रुंद केल्यामुळे रस्ते अरुंद झाले आणि कोंडी वाढली. सायकल ट्रॅकवर चिटपाखरू फिरकत नाही. मोकळा पदपथ दिसला की टपऱ्या येतात. हा काही युरोप नव्हे. इथे ऊन आहे, पाऊस आहे. रुग्णवाहिका अडकतात. रोड टॅक्स आम्ही भरतो, चालणारे भरत नाहीत. तेव्हा पदपथ पूर्वीसारखे करा. ज्यांना चालायची हौस आहे त्यांच्यासाठी उद्याने आहेतच. शेवटचे वाक्य त्यांनी जरा मवाळ शब्दांत लिहिले आहे, पण अर्थ तोच.

किरकोळ मुद्दे आधी उरकून घेऊ. रोड टॅक्स जातो राज्याच्या तिजोरीत. शहरातले रस्ते महापालिका बांधते, आणि तिचा मालमत्ता कर गाडी नसलेलाही भरतो. भाडेकरू असेल तर घरमालकाच्या हातून भरतो. रुग्णवाहिका अडकते ती दुतर्फा लावलेल्या गाड्यांमध्ये. टपऱ्यांसाठी 2014 सालापासून पथविक्रेत्यांचा केंद्रीय कायदा आहे: सर्वेक्षण करा, जागा ठरवून द्या. ते केले नाही म्हणून पदपथच नको म्हणणे म्हणजे ढेकणांसाठी घर जाळणे.

युरोपाचा मुद्दा मात्र इतक्या वेळा ऐकला आहे की त्याला दोन-चार वाक्ये देणे भाग आहे. ज्या नेदरलँड्सचे नाव घेऊन आपल्याला हिणवले जाते, त्या देशात 1971 साली रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत चारशेहून जास्त मुले होती. शहरांतले चौक गाड्यांनी भरले होते. आईबाप रस्त्यावर उतरले, मुलांचे हे खून थांबवा म्हणून त्यांनी चळवळ उभी केली, 1973 च्या तेलसंकटाने सरकारचेही डोळे उघडले, आणि मग ते सायकलमार्ग झाले. डच माणूस सायकलवर बसूनच जन्माला येतो हा समज डच लोकांनीही कधी बाळगलेला नाही. आणि उन्हाचे म्हणाल, तर स्पेनमधल्या सेव्हिल शहराचा पारा उन्हाळ्यात सहज चाळिशी ओलांडतो. तिथे 2006-07 च्या सुमारास सुमारे 80 किलोमीटरचे सलग, गाड्यांपासून वेगळे काढलेले सायकलमार्ग थोड्या काळात बांधले गेले. त्याआधी त्या शहरात शंभरातली एखादी फेरीही सायकलने होत नव्हती. नंतर हे प्रमाण कित्येक पटींनी वाढले. ऊन तेवढेच राहिले. आपल्याकडे तर मोटारही परदेशातूनच आली. पण तिच्या बाबतीत 'हे आपल्या मातीतले नाही' असे म्हणताना मी तरी कोणाला ऐकलेले नाही.

आता माझ्या आवडत्या आक्षेपाकडे वळतो. सायकल ट्रॅकवर कोणी फिरकत नाही. लेखकमहाशयांनी यासाठी पुरावाही दिला आहे: ते स्वतः रोज तिथून जातात आणि त्यांना कोणी दिसत नाही. कशातून जातात हे लिहिलेले नाही. ते लिहायची गरजही नाही.

पुण्या-पिंपरीत ज्याला आजवर सायकल ट्रॅक म्हटले गेले, ती वस्तू कधी पायाने चालून तपासा. तो सुरू होतो बसथांब्याच्या पाठीमागे, जिथे प्रवासी उभे असतात. पुढे तीस-चाळीस पावलांवर सोसायटीचे पहिले गेट. तिथे ट्रॅक तुटतो, उतार येतो, आणि सोसायटीतून निघणारी गाडी सायकलवाल्याकडे न बघता सरळ बाहेर येते. पुन्हा चढ. मग विजेचा डीपी बरोबर मध्यभागी. त्याला वळसा घालायचा तर रस्त्यावर उतरायचे, आणि पदपथाची कड फूटभर उंच, म्हणजे सायकल उचलून उतरायचे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत ही कड 15 सेंटीमीटरपेक्षा उंच नको असे छापलेले आहे. पण उंच ठेवली की दुचाकी चढत नाही असा आपला हिशोब. दुचाकी चढतेच, चढत नाही ती गुडघे गेलेली आजी. पुढे ड्रेनेजचे झाकण, ट्रॅकच्या पातळीपेक्षा चार बोटे वर. मग बोलार्ड, इतके जवळजवळ की व्हीलचेअर अडते आणि स्कूटर आरामात निघते. मग फांदी, मग फ्लेक्सचा खांब, मग खचलेले पेव्हर ब्लॉक, ज्यांच्याखाली पावसाचे पाणी साठते आणि पाय पडला की गुडघ्यापर्यंत उडते. शेवटी चौक. चौकात, म्हणजे सायकलवाल्याला जिथे सर्वांत जास्त धोका असतो तिथे, ट्रॅक संपतो. पलीकडे पुन्हा सुरू होतो. मधली जागा ज्याची त्याने आपापल्या इष्टदेवतेच्या भरवशावर पार करायची.

असा मार्ग ओस पडला तर तो सायकलविरुद्धचा पुरावा कसा? पाचशे मीटरचा तुकडा कुठूनच निघत नाही आणि कुठेच पोहोचत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापूरजवळ पाच किलोमीटर बांधून सोडून दिला असता, तर त्यावरही कोणी फिरकले नसते. तेव्हा 'भारतीय माणसाला मोटार चालवायची सवयच नाही' असा लेख आला असता का?

हीच ओस पडण्याची हाकाटी आम्ही बीआरटीच्या वेळीही ऐकली आहे. 2015 साली सांगवी-किवळे आणि नाशिक फाटा-वाकड मार्गांवर बससाठी वेगळ्या मार्गिका सुरू झाल्या, तेव्हा हाच सूर होता: बघा, बसची लेन रिकामी आणि आम्ही शेजारी तुंबलेलो. बसची लेन रिकामी दिसणे हेच तिचे काम आहे. बस आली की तिच्यातले साठ-सत्तर जण न थांबता पुढे जातात आणि लेन पुन्हा रिकामी दिसते. तुंबलेली लेन भरलेली दिसते म्हणून ती जास्त माणसे वाहून नेते असे मानायचे, तर तुंबलेली मोरी सर्वांत कार्यक्षम म्हणावी लागेल. त्या वादात हे सांगून माझा घसा बसला होता. इथे पुन्हा तेच सांगावे लागते आहे, कारण माणसेही बहुतेक तीच आहेत.

आणि कोणी म्हणजे कोण हेही एकदा पाहायला हवे. 2011 च्या जनगणनेत कामावर कसे जाता हा प्रश्न विचारला गेला. शेतीबाहेर काम करणाऱ्यांपैकी देशभरात सुमारे साडेचार कोटी लोक पायी जात होते आणि अडीच कोटींहून जास्त सायकलने. मोटारीने जाणारे पन्नास-पंचावन्न लाख. आकडे जुने आहेत, मोटारी नंतर वाढल्या, हे मान्य. तरीही पायी जाणारे मोटारवाल्यांच्या आठपट होते हे विसरता येत नाही. आमच्याच शहरात सकाळी सहाला भोसरी एमआयडीसीच्या आसपास उभे राहा. पहिल्या पाळीला निघालेले कंत्राटी कामगार, रात्रपाळी संपवून परतणारे वॉचमन, पेपरवाली पोरे, आणि जरा उजाडल्यावर वस्त्यांकडून सोसायट्यांकडे निघालेल्या स्वयंपाकाच्या आणि धुण्याभांड्याच्या मावशी. लेखकमहाशय साडेनऊला काच वर करून, एसी लावून निघतात, तोवर ही सगळी मंडळी आपापल्या ठिकाणी पोहोचलेली असतात. काही तर त्यांच्याच स्वयंपाकघरात.

या शहराला सायकल परकी म्हणायचे म्हणजे तर कमाल आहे. 1954 साली पिंपरीत पेनिसिलिनचा कारखाना आला, साठच्या दशकात स्कूटर आणि ट्रकचे कारखाने आले, आणि पाळी सुटली की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा. आकुर्डीत स्कूटर बनत होत्या, पण त्या बनवणारे सायकलवर येत. स्कूटर हवी तर नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. तेव्हा या रस्त्यांवर सायकल चालवायला ना हेल्मेट लागे ना धाडस. सायकल गेली ती हौस सरली म्हणून नाही. 1997 साली वाकड, रावेत, मोशी यांच्यासारखी गावे हद्दीत आली, अंतरे वाढली, रस्ते रुंद आणि वेगवान झाले, आणि सायकलवाल्याला कडेला, मग गटारावर, मग घरी ढकलले गेले. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजार 491 माणसे मेली. त्यांत 32 हजार 825 पादचारी होते आणि 4 हजार 836 सायकलवाले. हे चिटपाखरू फिरकत नव्हते, तर मेले कोण?

यावर त्यांच्याकडे एक तोडगा असतो, तो म्हणजे पादचारी पूल. आमच्या निगडी-दापोडी रस्त्याचा पट्टा 61 मीटर रुंद. मधल्या जलद मार्गिका ग्रेड सेपरेटरमधून सुसाट सोडलेल्या आहेत. अशा रस्त्यावर पूल साडेपाच मीटर उंच नेला आणि पायरी 15 सेंटीमीटरची धरली तरी छत्तीस-सदतीस पायऱ्या चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या. हातात भाजीची पिशवी, कडेवर मूल. गाडीला मात्र पाय ब्रेकवर ठेवायचेही कष्ट नकोत. ज्याच्याकडे इंजिन आहे तो सपाटीवर आणि ज्याच्याकडे फक्त गुडघे आहेत तो डोंगरावर, हे ज्यांना नैसर्गिक वाटते त्यांना पूल नैसर्गिक वाटेल. मुंबईत 2008 पासून स्कायवॉकचा सुकाळ झाला. त्यांतले कितीतरी आज कोणाच्या उपयोगाचे राहिले आहेत ते मुंबईकरांना विचारा.

उरला रस्ता अरुंद झाल्याचा मुद्दा. पदपथ रुंद केला तेव्हा गेले काय? बहुतेक ठिकाणी कडेला लावलेल्या गाड्यांची रांग गेली. तिथून वाहतूक आधीही होत नव्हती. एक मोटार साधारण पाच मीटर लांब, दोन मीटर रुंद, म्हणजे शंभर चौरस फुटांहून जास्त जागा अडवते. सार्वजनिक जमिनीवर एवढी जागा रात्रंदिवस फुकट वापरायची आणि तीन बाय तीनच्या चहाच्या टपरीला अतिक्रमण म्हणायचे, हा हिशोब मला कधी उलगडला नाही. सोसायटीत एका पार्किंगसाठी बिल्डर लाखांत पैसे घेतो तेव्हा कोणी म्हणत नाही की गाडी लावणे हा जन्मसिद्ध हक्क आहे. हक्काचीच भाषा हवी असेल तर मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथावरून निर्वेध चालता येणे हा घटनेच्या अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला आहे. पार्किंगबद्दल तसे काही माझ्या वाचनात नाही.

मग करायचे काय, असे कोणी विचारील. माझी मागणी फार मोठी नाही. आधी पदपथ, मग सायकल; कारण सायकल सोडणाराही चालतो आणि मोटारवालाही गाडी लावून चालतोच. पदपथावर निदान 1.8 मीटर जागा पूर्ण मोकळी, आणि डीपी, झाडे, बाक, टपऱ्या या मोकळ्या जागेबाहेर, एका सरळ पट्ट्यात. सोसायटीच्या गेटपाशी पदपथ खाली उतरवू नये, गाडीने वर चढून यावे. कामाची सुरुवात शाळांपासून आणि मेट्रो स्थानकांपासून करावी. मार्च 2022 मध्ये पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो सुरू झाली, तेव्हापासून स्थानकाखाली पार्किंग नाही म्हणून गळा काढला जातो. स्थानकाच्या चहूबाजूंना दोन किलोमीटर नीट चालता आले, सायकल नेता आली, तर निम्म्या तक्रारी आपोआप मिटतील. सिग्नलला चालणाऱ्याचा वेळ मोजून द्यावा: धडधाकट माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो, म्हणजे तीस मीटरच्या रस्त्याला त्याला पंचवीस सेकंद पुरतात. आजोबांना चाळीस लागतील. तेवढे द्यावेत.

सायकल ट्रॅक सगळीकडे हवा असे माझे म्हणणे नाही. मोठ्या रस्त्यावर तो वेगळा, सलग आणि चौकातूनही आखलेला हवा. तसा करायची तयारी नसेल तर त्यावर पैसे घालवू नयेत. प्राधिकरणातल्या आतल्या, नऊ-बारा मीटरच्या रस्त्यांवर ट्रॅक कशाला? तिथे गाड्यांचा वेग ताशी तीसवर आणावा. तीसच्या वेगाने धडक बसली तर माणूस बहुधा वाचतो, पन्नासच्या वेगाने त्याची शाश्वती फार कमी होते. यासाठी लागतात ते नीट आखलेले उंच झेब्रे, आवळलेली वळणे आणि थोडी झाडे. खर्च ट्रॅकपेक्षा कमी. कंत्राटदार नाराज होतील, आणि उंच झेब्र्यांनी आमच्या पाठीचे मणके सरकतात असे पत्र नियतकालिकाच्या पुढच्या अंकात येईल. येऊ द्या. गतिरोधकांवरचा जुना वाद अजून संपायचा आहेच.