हाउसबोट आणि लहान मापाचे जॅकेट

अलेप्पीच्या जलमार्गांवर हाउसबोटीत घालविलेला दिवस आम्हा उभयतांच्या दीर्घकाळ स्मरणात राहील. फणसाच्या जातीतील आंजिलीच्या फळ्या काथ्याने शिवून, खिळा न मारता बांधलेली ही नौका म्हणजे केट्टुवळ्ळम. पूर्वी ती कुट्टनाडचे भात वाहून नेई. रस्ते झाले, माल ट्रकवर गेला आणि १९९० च्या दशकात तिच्यावर पर्यटकांसाठी खोल्या चढल्या. समुद्रसपाटीखालची भातखाचरे, पायरीवर भांडी घासणाऱ्या बाया, होडीतून शाळेला निघालेली मुले. खेड्याचे हे रूप मोटारीतून दिसत नाही. जरूर जावे.

परंतु आमच्यासोबत भाचीची चार वर्षांची मुलगी होती. नौकेवर जॅकेटे होती, सगळी मोठ्यांची. लहान मापाचे मागताच नावाडी हसून म्हणाला, "डॉक्टर, पाणी शांत आहे." त्याच्याशी माझे भांडण नाही. आरक्षण करताना जेवणात कोणते मासे मिळतील हे मी आवर्जून विचारले होते; जॅकेटाचे विचारले नव्हते. बालरोगतज्ज्ञाला हे शोभले नाही. दिवसभर तिचा हात धरून बसलो.

मोठ्यांचे जॅकेट पाण्यात मुलाच्या डोक्यावरून निसटते. मुलाचे जॅकेट वजनाप्रमाणे निवडावे लागते आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा त्याला हवाच. शिवाय बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. चार पावलांवर गप्पा मारणाऱ्या मोठ्यांना पत्ताही लागत नाही.

हे वडोदरेकरांना सांगावे लागू नये. १९९३ साली सूरसागरात नौका उलटून २२ जण गेले. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणी तलावात सहलीची १२ मुले व २ शिक्षिका बुडाल्या. अनेकांच्या अंगात जॅकेट नव्हते. दोन्ही तळी गावातली. तिथे ना पूर होता, ना समुद्र.

माझे स्पष्ट मत असे की, मापाचे जॅकेट नसेल तर मुलाला नौकेत चढवू नये, मग भरलेले पैसे बुडाले तरी चालतील. चांदोदला क्रियाकर्मासाठी नावेत बसतानाही हाच नियम असावा. तिथे तर कडेवरच्या बाळाकडे कुणाचे लक्ष नसते. सुटीपूर्वी लसीकरणाला येणाऱ्या पालकांना आपण सर्वांनीच हे विचारावे. निरनिराळ्या वजनांची सहा जॅकेटे मी मंडळाच्या कार्यालयात आणून ठेवली आहेत. सहलीला जाणाऱ्या सभासदांनी वहीत सही करून न्यावीत आणि परत आणताना वाळवून आणावीत.