'उर्मट' शेऱ्याच्या मागे

प्रगतिपुस्तकात आपल्या पोरांसाठी शेरे ठरलेले असतात. 'लक्ष नाही.' 'उर्मट.' 'मारामाऱ्या करतो.' मी वस्तीतल्या अभ्यासिकेत संध्याकाळी शिकवतो, हे शेरे घेऊन पोरं रोज येतात. एकही शेरा विचारत नाही : पोरा, तुझ्यावर गुजरलंय काय?

आता शास्त्रच हा प्रश्न विचारतंय. अमेरिकेत १९९८ साली फेलिट्टी, अँडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९,५०८ माणसांच्या बालपणाचा हिशेब मांडला. लहानपणी मारहाण, अत्याचार, आईला मारझोड, घरात दारू, कुणी तुरुंगात; असे घाव जितके जास्त, तितकं मोठेपणी हृदयविकार, नैराश्य, आत्महत्येच्या प्रयत्नाचं प्रमाण जास्त. भ्यालेलं शरीर कायम पहाऱ्यावर असतं. ज्याच्या झोपडीवर बुलडोझर आला, ते पोरगं दार वाजलं तरी दचकतं. त्याला पाढे पाठ होणार कसे? त्याचं डोकं जीव सांभाळण्यात गुंतलंय!

पण त्या प्रश्नावलीला एक भोक आहे. ती मारझोड विचारते, दारू विचारते. जात विचारत नाही, शाळेतला अपमान विचारत नाही. आपल्याकडे तर घाव शाळाच घालते. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या बाबासाहेबांना वेगळ्या गोणपाटावर बसवलं. शिपायानं नळ सोडला तरच पाणी. २०२२ साली राजस्थानात जालोर जिल्ह्यात मास्तरच्या मारानंतर नऊ वर्षांचं दलित पोर मेलं. मडक्यातलं पाणी प्यायला म्हणून मारलं, असं घरच्यांचं म्हणणं.

म्हणून सांगतो, समुपदेशक नेमा, हवेतच. पण ॲट्रॉसिटीची तक्रार दाबायची आणि पोराला दीर्घ श्वास घ्यायला शिकवायचं, हा धंदा चालणार नाही. आधी भर वर्गात 'शिष्यवृत्तीवाले उभे राहा' बंद करा. आडनावावरून जात हुंगणं बंद करा. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम १७ मार आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी घालतं. ते स्टाफरूममध्ये टांगा.

सरकार करेल तेव्हा करेल. तोवर आपण वस्तीत बसायचं. रोज ठरल्या वेळी दार उघडं, तोच माणूस, आवाज न चढवता. पोर आधी तुम्हाला पारखेल. शिव्या देईल, वही फेकेल. दुसऱ्या दिवशीही तुम्ही तिथंच दिसलात, तर कदाचित बोलायला लागेल. तेव्हा ऐकायला हजर राहा.