गृहसेवेचा उपदेश कोणास?

घरातील नित्याची कामे हसतमुखाने करावीत, कारण कुटुंबाची सेवा हीच प्रभूची सेवा होय, हा उपदेश वसईच्या ख्रिस्ती समाजाला नवा नाही. लग्नाच्या मिस्सेत, नोवेनेच्या प्रवचनात तो वारंवार कानी पडतो. उपदेश खरा आहे. घरकाम म्हणजे निव्वळ दास्य, असे मानणाऱ्यांच्या पक्षात आम्ही नाही. अन्न शिजविल्याने, भांडी घासल्याने वा आजाऱ्याचे अंथरूण बदलल्याने कोणाचीही थोरवी कमी होत नाही. आमची तक्रार निराळी आहे. पत्रातील मजकूर खरा, परंतु पत्ता चुकलेला आहे. हा उपदेश करताना बोलणाऱ्याची दृष्टी हटकून स्त्रियांकडेच वळते.

मूळ ग्रंथ काय सांगतो? संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायात प्रभू येशू भोजनावरून उठतो, कमरेस रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. पाय धुणे हे त्या काळी सेवकाचे काम. ते येथे गुरूने केले, आणि शिष्यांनीही तसेच करावे असे बजावले. त्याच शुभवर्तमानाच्या २१ व्या अध्यायात पुनरुत्थित प्रभू तिबिर्या समुद्राच्या काठी विस्तवावर मासळी भाजून ठेवतो आणि रात्रभर जाळी टाकून थकलेल्या शिष्यांना न्याहारीस बोलावतो. पाचूबंदरच्या वाचकास या प्रसंगाचा अर्थ फोड करून सांगावयास नको. दर्यावरून परतणाऱ्यांसाठी विस्तव पेटविणारा येथे पुरुष आहे, आणि तो प्रत्यक्ष प्रभू आहे. उलट, संत लूकने सांगितलेली मार्था कामाने बेजार होऊन गाऱ्हाणे मांडते, तेव्हा प्रभू तिला ‘हसत हसत कर’ असे म्हणत नाही. तो तिची तगमग ओळखतो, आणि त्याच्या चरणांशी ऐकत बसण्याचा मरियेचा वाटा तिच्यापासून काढून घेण्यास नकार देतो. स्त्रीलाही बसून ऐकण्याचा हक्क आहे, हे या कथेचे सार उपदेशकांच्या ध्यानातून कसे निसटते, याचे आम्हांस नवल वाटते.

आनंदी स्वयंपाकाचा दाखला म्हणून बंधू लॉरेन्स यांचे नाव घेतात. १७ व्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठातील स्वयंपाकघरात त्यांनी ईश्वराचे सान्निध्य अनुभविले. स्वयंपाकाची त्यांना मुळात नावड होती. तीवर त्यांनी प्रेमाने मात केली. परंतु हे लॉरेन्स पुरुष होते, एवढी गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते! वसईचे आपले संत गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रूसावर मरण आले व १८६२ साली संतपद मिळाले. तेही धर्मगुरू नव्हते. फ्रान्सिस्कन संघातील साधे धर्मबंधू होते, आणि मठांतून अंगमेहनतीची कामे याच वर्गाकडे असत. मठात भांडी घासणारा पुरुष साधू, आणि घरात भांडी घासणारा पुरुष बायकोचा बैल, हा न्याय कोणत्या शुभवर्तमानातला?

‘पुरुष बाहेर कष्टतो’ हे समर्थन वसईत तरी टिकणारे नाही. येथील बायकांनी भाजी-फुलांच्या टोपल्या मुंबईच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या नेल्या. त्यांच्या लेकी-नाती आज शिक्षिका, परिचारिका होऊन विरारच्या गाडीत उभ्या असतात. चूल मात्र दोन्ही पिढ्यांना सुटली नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ सालच्या पाहणीत ६ वर्षांवरील स्त्रियांपैकी शेकडा ८१ घरकाम करताना आढळल्या, पुरुषांपैकी शेकडा २६. आणि जे करतात त्यांतही स्त्रीची दिवसाची २९९ मिनिटे, पुरुषाची ९७. हे आकडे साऱ्या देशाचे आहेत. आपल्या घरात ते निराळे आहेत काय, हे प्रत्येकाने आज रात्रीच ताटे उचलताना पाहावे.

यावर ‘प्रेमात हिशेब कसला?’ असे कोणी म्हणेल. हिशेब नको, असे देणाऱ्याने म्हटले तर ते औदार्य. घेणाऱ्याने म्हटले तर तो कावा.

चुकलेल्या पत्त्याचा खरा अनर्थ पुढेच आहे. दिवसभर राबून संध्याकाळी जिच्या चेहऱ्यावर हसू उमटत नाही, त्या बाईला आपल्या श्रद्धेतच उणे आहे असे वाटू लागते. थकवा हे पाप ठरते. कुमसारात कोण काय सांगते हे कोणी जाणू शकत नाही. परंतु मुलांवर चिडल्याचे पाप सांगणाऱ्या माउलीच्या मागोमाग, आपले ताट आजवर कधी उचलले नाही हे पाप सांगणारा पती उभा असतो काय? आनंद हुकमाने येत नसतो. एकटीने वाहिलेल्या ओझ्याखाली जे हसू दिसते, ते पुष्कळदा केवळ रीत असते. ओझे वाटून घेतले म्हणजे खरे हसू मागाहून आपोआप येते.

पवित्र गुरुवारी देवळात १२ जणांचे पाय धुतात. नियमाप्रमाणे हे सारे पुरुषच असावयाचे. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांच्या इच्छेनुसार स्त्रियांनाही तेथे स्थान देण्याची मोकळीक झाली. वेदीपाशी झालेली ही सुधारणा स्वयंपाकघरापर्यंत केव्हा पोहोचणार? आनंदी सेवेचे पुढचे प्रवचन पुरुषांस उद्देशून व्हावे, आणि मुलाच्या हातातली बशी हिसकावून घेणाऱ्या आयांनीही ते ऐकावे, एवढीच आमची मागणी आहे. देवळात ज्याचे पाय धुतले गेले, त्याने घरी येऊन आईला व पत्नीला आधी बसवावे, स्वतः वाढावे, मग खरकटी काढावीत. एवढे झाल्यावर त्याने हसतमुखाने सेवा करण्याचा उपदेश खुशाल करावा; तो ऐकण्यास आमच्या भगिनींना मग सवडही असेल.