होल्डर हॅलोजनचा, बल्ब झेनॉनचा

हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये झेनॉनचा बल्ब बसवला की त्या गाडीला डिपर उरत नाही. उरतात दोन अप्पर. स्विच खाली केला तरी समोरच्याच्या डोळ्यांवरचा प्रकाश हटत नाही. रायपूरच्या शंकर नगरसारख्या वस्तीत, जिथे पथदिव्यांखाली पार्किंग लाइटवरही रस्ता दिसतो, तिथे असल्या गाड्या रोज संध्याकाळी दिसतात. त्याच गाड्या पुढे धमतरी किंवा राजनांदगावच्या रस्त्याला लागतात. झगमगाटाबद्दल वाचकांच्या तक्रारी वाढल्या आहेत, आणि तक्रार करणाऱ्यांत स्वतः गॅरेज चालवणारेही आहेत. झेनॉनचे किट बसवणारे हात मात्र याच धंद्यातले आहेत.

दोष झेनॉनचा नाही, जोडीचा आहे. एच-४ बल्बात डिपरच्या फिलामेंटखाली धातूची वाटी असते. ती खाली जाणारा प्रकाश अडवते, म्हणून डिपरवर रिफ्लेक्टरचा वरचा भागच काम करतो आणि भिंतीवर कटऑफ उमटतो. वाटीची एक कड पंधरा अंशांनी तिरपी असल्यामुळे डावीकडची कडा वर चढते आणि रस्त्याची कड दिसते. झेनॉनमध्ये फिलामेंट नसते. दोन इलेक्ट्रोडमध्ये ज्योत पेटते, ती वरच्या बाजूला थोडी वाकते आणि तिची चमक मध्यापेक्षा टोकांशी जास्त असते. हाय-लो किटमध्ये ही कॅप्सूल सोलेनॉइडने पुढेमागे सरकते. स्वस्त किटमध्ये वाटी जागेवर नसते, कधी तर असतच नाही. एच-४चे डिपर साधारण १,००० ल्युमेनचे आणि अप्पर १,६५०चे, तर कंपनीच्या डी-२-एस झेनॉनचे ३,२००. म्हणजे ज्या रिफ्लेक्टरला प्रकाश आवरायचा कसा हेच ठाऊक नाही, त्याच्यात तो तिपटीने ओतला जातो.

१९९१ साली बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजमध्ये झेनॉन प्रथम आले, तेव्हा त्याच्यासाठी दिवाही स्वतंत्र आला. पुढे प्रोजेक्टरसाठी डी-२-एस आणि रिफ्लेक्टरसाठी काचेवर काळा पट्टा असलेला डी-२-आर, असे दोन बल्ब वेगळे केले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या नियम ४८ने तर २,००० ल्युमेनच्या वरच्या डिपरला आपोआप उंची जुळवणारी यंत्रणा आणि हेडलाइट धुणारा फवारा सक्तीचा केला, कारण डिकी भरली की नाक वर जाते आणि काचेवरचा चिखल प्रकाश चौफेर विखुरतो. किटच्या खोक्यात यातले काहीच नसते. जुन्या दिव्यात प्रोजेक्टर बसवणाऱ्यांचे काम कटऑफपुरते बरे, पण लेव्हलिंग आणि मंजुरी त्यांच्याकडेही नाही.

‘फोकस खाली करून देतो’ हे गॅरेजातले नेहमीचे उत्तर आहे आणि ते चुकीचे आहे. फोकस खाली केल्याने कटऑफ सरकतो. किटमध्ये कटऑफच नसतो, वर पसरलेला प्रकाश वरच राहतो. उलट रस्त्यावरचा पल्ला घटतो, आणि आठवड्याने तेच गिऱ्हाईक फोकस वर करून घ्यायला येते. रंगाचेही तसेच. कंपनीचे झेनॉन ४,३०० केल्विनच्या आसपास असते. ६,००० किंवा ८,०००चा निळसर बल्ब दिसायला भारी, उजेडाला हलका; पावसात तर ओला डांबरी रस्ता त्याने आणखीच काळा दिसतो. दुचाकींवर हा उपद्रव दिवसाही चालतो, कारण एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकीचा हेडलाइट इंजिनबरोबर आपोआप पेटतो.

आता कायद्याकडे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ क्रमांकाचा नियम पुरेसा स्पष्ट आहे: दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला डिपरने दिपवता कामा नये. मोजता येईल अशी अट आहे. पण मोजायचे कोणी? फिटनेस तपासणी व्यावसायिक वाहनांची होते, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दर वर्षी. स्वयंचलित तपासणी केंद्रात हेडलाइट टेस्टरही असतो. खासगी मोटार मात्र नोंदणीनंतर पंधरा वर्षे अशा कोणत्याही टेस्टरसमोर उभी राहत नाही, आणि किटचा शौक मुख्यतः तिलाच. म्हणजे ज्या ट्रकवर साधा हॅलोजन आहे त्याचा प्रकाश मोजला जातो आणि ज्या मोटारीवर झेनॉनचे किट आहे तिचा नाही. अशी व्यवस्था आखायला खरेच प्रतिभा लागते.

उरतो चौकातला शिपाई. त्याच्याकडे मापक नाही, म्हणून तो रंग पाहतो. पांढरा दिसला की गाडी बाजूला, मग तो कंपनीचा एलईडी का असेना. आणि पिवळसर प्रकाशाचा, वाटी नसलेला बल्ब निघून जातो. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली बेकायदा फेरबदल करणाऱ्या मालकाला दर फेरबदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. दोन हेडलाइट म्हणजे एक फेरबदल की दोन, याचा वाद ज्याने त्याने घालावा. दुकानाच्या काचेत किट उघड मांडलेले असते, आणि ‘फक्त रस्त्याबाहेरील वापरासाठी’ या बारीक अक्षरातल्या ओळीने विक्रेता मोकळा होतो. रस्त्याबाहेर, म्हणजे भाताच्या खाचरात?

गंमत अशी की दर वर्षी, आणि जुन्या मानकाच्या गाड्यांना तर दर सहा महिन्यांनी, प्रत्येक मोटार एका तपासणीला उभी राहतेच: पीयूसीला. तिथे धूर पाहतात, दिव्याकडे कोणी वळूनही बघत नाही. त्या जागी एक सपाट भिंत आणि दोन आडव्या रेघा असल्या, तरी हॅलोजनच्या दिव्यातले किट मिनिटभरात उघडे पडेल. ब्रिटनच्या वार्षिक एमओटी तपासणीत हॅलोजन दिव्यात एचआयडी, म्हणजे झेनॉन, बल्ब घातलेली मोटार नापास होते. जर्मनीत २०२०पासून हॅलोजनच्या जागी काही एलईडी बल्ब चालतात, पण सरसकट नाही: कोणत्या मोटारीच्या कोणत्या दिव्यात कोणता बल्ब, अशी जोडीची मंजुरी असते. आपल्याकडे मंजुरीची ती वाटही नाही आणि अटकावही नाही.

गिऱ्हाइकाची गरज खोटी नसते. पावसाळ्यात छत्तीसगडच्या महामार्गांवर रात्री गुरे बसलेली असतात आणि काळी म्हैस पन्नास मीटरवर येईपर्यंत दिसत नाही. पण अशा माणसाला किट विकण्याआधी होल्डरवरचे व्होल्टेज मोजणारे किती? हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ घाताने बदलतो. १३.२ व्होल्टच्या जागी ११.९ पोचले की तीस टक्के उजेड वायरीतच संपतो. कॉम्बिनेशन स्विचमधून जाणारा करंट रिलेवर घेतला, जाड वायर आणि पक्के अर्थिंग दिले, पिवळी पडलेली काच पॉलिश केली, रिफ्लेक्टर उडालेला असेल तर दिवाच बदलला आणि ६०/५५ वॉटचा चांगल्या कंपनीचा बल्ब घातला, की बहुतेक तक्रारी मिटतात. १३०/१०० वॉटचा बल्ब हा उपाय नव्हे. तो होल्डर वितळवतो. रिलेच्या कामात मजुरीही किटपेक्षा प्रामाणिक मिळते, आणि बॅलास्ट जळाल्याची, रेडिओ खरखरल्याची परतफेड करावी लागत नाही.

तेव्हा ‘आपण नाही बसवले तर शेजारचा बसवेल’ हे रडगाणे गॅरेजवाल्यांनी आता थांबवावे. प्रत्येक गॅरेजात दहा मीटरवरची भिंत आखून घ्यावी. दिव्याच्या मध्यापासून दहा सेंटिमीटर खाली कटऑफ यायला हवा. दिव्याचे कोणतेही काम झाले की गाडी त्या भिंतीसमोर उभी करावी आणि फोकस जुळवल्याचे बिलावर लिहावे. हॅलोजनच्या होल्डरमध्ये झेनॉन किंवा बिनमंजुरीचा एलईडी बसवायला सरळ नकार द्यावा, आणि जुने किट काढून देण्याची मजुरी निम्मी करावी. पीयूसीबरोबर डिपरची तपासणी जोडावी, यासाठी परिवहन आयुक्तांच्या नावे अर्ज करायचा आहे. ज्या गॅरेजची भिंत आखून झाली आहे त्यांनीच त्यावर सह्या पाठवाव्यात.